सगळ्यांत लांब आऊट

नॉर्बर्ट व्हालेकने गाडी ऑगी टेस्टाच्या घरासमोर उभी केली, इंजिन बंद केलं आणि तो तसाच बसून राहिला. मांडीवर पुठ्ठ्याची फाइल होती. फाइलमध्ये टाइप केलेली चौतीस पानं, आणि त्यांच्यामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जुनी वही. घरून निघताना त्याने पहिलं वाक्य पाठ केलं होतं : ‘ऑगी, आपल्या मैदानावर मी एक छोटंसं पुस्तक लिहिलंय.’ आता त्यातला एकेक शब्द त्याला खटकू लागला. ‘छोटंसं’ कशाला म्हणायचं? आणि ‘आपल्या’ तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? सतरा वर्षं तो या दारात आला नव्हता. सहा वर्षांपूर्वी स्टॅन ब्रोडाच्या दफनाच्या दिवशी दोघांची गाठ पडली होती, तीही येता-जाता, चर्चच्या हॉलमध्ये.

पुस्तक गावच्या इतिहास मंडळाने छापायचं कबूल केलं होतं. कार्व्हर्स रनमध्ये आता इतिहासाखेरीज फारसं काही उरलेलंच नव्हतं. बाटल्यांचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत, जिथे साठ वर्षांपूर्वी चार पोरं उन्हाळाभर बेसबॉल खेळायची, तिथे औषधांचं मोठं दुकान उभं राहायचं होतं. मंडळाच्या मिसेस लॉकरिज म्हणाल्या होत्या, “फार गोड लिहिलंय तुम्ही. फक्त जे हयात आहेत त्यांची एक सही आणा. उगाच नंतर कटकट नको.”

हयात म्हणजे ऑगी. चौघांपैकी स्टॅन गेला, त्याच्या आधी क्लेम गेला.

सही हे निमित्त होतं. नॉर्बर्टला हवी होती एक ओळ. पहिल्या पानावर, ऑगीच्या शब्दांत : ‘हो, असंच होतं.’ एवढंच. नॉर्बर्टने सदतीस वर्षं जिल्ह्याच्या ग्रंथालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांना नंबर चिकटवले होते. लग्न केलं नाही, प्रवास केला नाही, कुठल्याच गोष्टीबद्दल तो ठामपणे बोलत नसे. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी आपलीच मोजणी चुकली असेल असं त्याला वाटे. पण ते चार उन्हाळे मात्र खरे होते. तिथे आपण सुखी होतो, आपण चौघांतले एक होतो, याबद्दल त्याला शंका नव्हती. आणि तरी कोणीतरी, जो तिथे होता त्याने, हो म्हणावं असं फार वाटत होतं.

दार ऑगीच्या मुलीने, मरीनाने उघडलं.

“या ना, मिस्टर व्हालेक. बाबा मघापासून विचारतायत, हा माणूस गाडीत बसून काय करतोय म्हणून.”

“अंडी उबवत होता!” आतून आवाज आला. “काय रे प्रोफेसर, रस्ता चुकलास?”

ऑगी खिडकीपाशी आरामखुर्चीत बसला होता. एके काळचा आडदांड माणूस आता खुर्चीत मावून वर जागा उरत होती. समोर टीव्हीवर दुपारचा सामना चालू होता, आवाज बंद करून. नॉर्बर्टने हात पुढे केला. ऑगीने तो चाचपडत धरला.

“डोळ्यांचं मधलंच गेलंय,” ऑगी म्हणाला. “कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडं बघितलं की कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं बरंच आहे म्हणा.”

“मग सामना कसा बघतोस?”

“बघत कुठं असतो? चालू ठेवतो. घरात कुणीतरी खेळतंय असं वाटतं.”

मरीनाने कॉफी आणि बडीशेपेच्या वासाची पातळ जाळीदार बिस्किटं आणून ठेवली. नॉर्बर्टने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, आणि ते जमेल तितकं वाईट म्हटलं.

“पुस्तक?” ऑगी हसला. “मरीना, ऐकलंस? हा आमच्या उकिरड्यावर पुस्तक लिहून बसलाय. लेका, तिथं होतं काय? काचा न् गवत.”

“तेच लिहिलंय. काचा आणि गवत.”

“वाच मग. मला काही दिसायचं नाही. वाचलंस तर सही करीन, नाहीतर कशावर केली ते मला कसं कळणार? घरदार लिहून घेशील माझं.”

नॉर्बर्टने चष्मा बदलला. मोठ्याने वाचायची त्याला लाज वाटत असे, पण इथे श्रोते दोनच होते, त्यातली एक भांडी विसळायला आत गेली. त्याने सुरुवात केली.

मैदान कसं होतं ते आधी आलं. पहिला बेस म्हणजे गुळगुळीत झालेलं टायर. दुसरा बेस, स्टॅनच्या आजीने टाकून दिलेल्या गालिच्याचा तुकडा. तिसरा, गटाराचं झाकण. बॅट एकच, मधून चिरलेली, तिला खिळे ठोकून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. चेंडूचं कातडं पहिल्याच महिन्यात फाटलं, मग त्यालाही तीच काळी चिकटपट्टी. प्रत्येक आठवड्याला एक थर वाढे, आणि ऑगस्ट येईपर्यंत चेंडू कोबीच्या गड्ड्याएवढा होई.

“गड्डा नव्हे, धोंडा,” ऑगी म्हणाला. “क्लेमचा दात गेला होता त्यानं.”

“तेही आहे. पान नऊ.”

“आणि पावसात? मालाच्या शेडखाली?”

“झाडूचा दांडा आणि बाटल्यांची बुचं. आहे.”

“बूच वळायचं बघ हवेत,” ऑगी बोटं फिरवत म्हणाला. “असं यायचं, न् ऐन वेळी असं. चेंडू काय, कुणीही मारेल. बूच मारून दाखवावं.”

नॉर्बर्टच्या खांद्यांवरचा ताण उतरला. तो पुढे वाचू लागला. भुताचं प्रकरण आलं. दोघादोघांचे संघ, तेव्हा दोघेही भिडू बेसवर जाऊन उभे राहिले तर बॅट धरायला उरणार कोण? मग बेसवरच्याने ओरडायचं, ‘भूत!’ आणि माघारी येऊन बॅट घ्यायची. त्याच्या जागी बेसवर भूत उभं. मागचा जेवढे बेस पळेल तेवढेच भूतही पुढे सरकणार. भूत कधी दमत नसे, ठेचकाळत नसे, त्याला घरून जेवायला हाक येत नसे. मैदानावरची निम्मी भांडणं मात्र त्याच्यावरून होत.

ऑगी मनापासून हसला. “स्टॅनचं भूत फार जोरात पळायचं. स्टॅन स्वतः बैलगाडी, पण त्याचं भूत? वाऱ्यासारखं. तू म्हणायचास, भूत भिडूपेक्षा जोरात पळू शकत नाही.”

“नियम चार.”

“नियम चार!” ऑगीने मांडीवर थाप मारली. “काय होतास रे तू. ना चेंडू टाकता येत होता, ना झेलता. पण खिशात वही! मरीना, बाहेर ये, ऐक. आम्ही भांडायला लागलो की हा वही काढायचा. ‘पुस्तकात आहे.’ की आम्ही गप्प.”

“वही आणलीय मी,” नॉर्बर्ट म्हणाला. “बहिणीच्या माळ्यावर सापडली, गेल्या आठवड्यात. पुस्तक लिहून झालं होतं तोवर, नियम मी आठवणीनेच लिहिले. अजून नीट उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, तुझ्याबरोबर उघडावी.”

“मला काय, कडा दिसतील तिच्या. तू वाच पुढं. मजा येतीय.”

पुढचं पान नॉर्बर्टचं लाडकं होतं. मिसेस लॉकरिजना सगळ्यांत आवडलेलं. गेली कित्येक वर्षं तो ही गोष्ट तोंडी सांगत आला होता, आणि लाजाळू माणसाकडे एखादीच हुकमी गोष्ट असते तशी ती त्याच्याकडे होती. तिच्यातल्या जागा त्याला ठाऊक होत्या : कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. त्याने वाचलं :

“‘एकसष्ट सालच्या जुलैमधल्या एका संध्याकाळी ऑगीने डाव्या हाताने असा फटका मारला की चेंडू मिसेस डुडाशच्या टोमॅटोंवरून, तिच्या कुंपणावरून, थेट रेल्वेच्या रुळांपलीकडे गेला. असा फटका त्या मैदानाने आधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. पण मैदानाची उजवी बाजू आमच्याकडे पहिल्यापासून बंद होती. दोघं मिळून सगळं मैदान राखणार कसं? शिवाय डुडाशबाईंचे टोमॅटो. तिकडे मारला की आऊट. बिचारा ऑगी तीन बेस पळून गेल्यावर त्याला हे सांगावं लागलं. जगातला सगळ्यांत लांब आऊट!’”

इथे तो सवयीने थांबला. इथे लोक हसत.

टीव्हीवर कोणीतरी बेसवर घसरत गेला, धूळ उडाली, आवाज नव्हता. आतला नळ बंद झाला.

“‘बिचारा’ लिहिलंयस?” ऑगीने विचारलं.

“प्रेमाने रे. तो शब्द काढू का?”

“ही गोष्ट तू किती ठिकाणी सांगितलीस आजवर?”

“म्हणजे... असं मोजलं नाही. क्लेमच्या मुलीच्या लग्नात सांगितली होती. स्टॅनच्या दफनानंतर, हॉलमध्ये.”

“मी तिथं होतो. दोन्हीकडं. लोक येऊन माझ्या पाठीवर थापा मारत होते.” ऑगीचा चेहरा नॉर्बर्टकडे होता, पण नजर त्याच्या कानापाशी कुठेतरी. “पहिल्यापासून बंद होती म्हणतोस.”

“हो. नियम होता ना तो. टोमॅटोंमुळे.”

“टोमॅटोंत गेला की दोन बेस. हा नियम होता. माझे निम्मे बेस टोमॅटोंतले, नॉर्ब. मी डावरा. डावऱ्याचा चेंडू जातो कुठं? उजवीकडं. उजवी बाजू पहिल्यापासून बंद असती तर चार वर्षं मी तिथं काय करत होतो? लिंबूटिंबू म्हणून होतो?”

नॉर्बर्टने पानांची चळत सरळ केली. ती सरळच होती.

“तुम्ही एका धावेनं पुढं होता,” ऑगी म्हणाला. “तू न् स्टॅन. आमचं भूत दुसऱ्या बेसवर. स्टॅननं चेंडू टाकला, मी मारला. तू कुंपणापाशी उभा होतास, तुझ्या डोक्यावरून गेला तो. अजून हवेत होता. हवेत होता, न् तू ओरडलास, ‘आऊट.’ क्लेम म्हणाला, कुठल्या नियमानं? तू खिशातनं वही काढलीस, आमच्याकडं पाठ केलीस, पानं उलटलीस. म्हणालास, पुस्तकात आहे.”

“पुस्तकात असेल तर नियम होताच—”

“क्लेमला धड वाचता येत नव्हतं, तो कशाला बघायला मागतोय. आणि मी? आमच्या घरात एक पुस्तक नव्हतं. आमच्याकडं पुस्तकात आहे म्हटलं की डोक्यावरची टोपी काढायची. तुला ते ठाऊक होतं.”

“ऑगी, मी बारा वर्षांचा होतो.”

“मी अकरा.”

मरीना पंचाला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. “बाबा, गोळ्यांची वेळ झालीय,” ती म्हणाली. वेळ झाली नसावी, कारण ती जागची हलली नाही.

“त्या दिवशी माझा बाप आला होता,” ऑगी म्हणाला. “हे नाही लिहिलंस. चार वर्षांत एकदा. पाळी सुटली न् घरी जायचं सोडून कुंपणाशी येऊन थांबला. मी चेंडू मारला तेव्हा त्यानं डबा खाली ठेवला. माझ्या बापानं जेवणाचा डबा जमिनीवर ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. दोन्ही हात वर केले. असे. त्याला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण लांब गेलेलं कुणालाही कळतं. न् तू ओरडलास. तो तसाच उभा, हात वर करून. मग मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आऊट. म्हणाला, एवढा लांब गेला तरी? मी म्हटलं, हो, तिकडं मारायचा नसतो. तर म्हणाला, ‘मग कशाला मारलास?’”

खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं.

“डबा उचलला न् गेला. मरेपर्यंत परत विचारलं नाही, पोरा काय खेळतोस म्हणून.”

“मला हे माहीत नव्हतं,” नॉर्बर्ट म्हणाला.

“माहीत नव्हतं कसं? तू त्याच्या शेजारी उभा होतास. हाताच्या अंतरावर.” ऑगीने बिस्किटाचा तुकडा मोडला आणि न खाता परत बशीत ठेवला. “दुसऱ्या दिवसापासून मी उजव्यानं मारायला लागलो. काय करणार? खेळायचं होतं. दोन वर्षांनी शाळेच्या संघाची निवड होती. कोच म्हणाला, डावरा कुणी आहे का, मला डावरे पायजेत. मी हात वर केला. डाव्यानं उभा राहिलो तर बॅट शेजाऱ्याची असावी तशी हातात. तीन चेंडू. तिन्ही वेळा नुसता वारा घातला. मागं पोरं हसत होती.”

“ऑगी...”

“मी काही मोठा खेळाडू झालो असतो असं म्हणत नाही. तेवढी अक्कल आहे मला. शाळेच्या बाकावर बसलो असतो, संघाची टोपी मिळाली असती. त्या टोपीसाठी तरी बापाला एकदा ओढून आणला असता. एवढंच. त्याऐवजी एकतीस वर्षं कारखान्यातल्या पट्ट्यावरनं तडकलेल्या बाटल्या वेचल्या. उजव्या हातानं. तिथंही डावरा चालत नव्हता.”

नॉर्बर्टला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. डोक्यात आलं ते त्याच्या धंद्याचंच होतं.

“मी दुरुस्ती करतो,” तो म्हणाला. “होम रन लिहितो. स्वच्छ लिहितो, की तो होम रन होता, आणि माझी चूक झाली.”

“आता?” ऑगी हसला, पण मघाचं हसू वेगळं होतं. “आता रडीचा डाव खेळू नकोस, नॉर्ब. ज्याला तो दाखवायचा होता त्याला मातीत जाऊन चाळीस वर्षं झाली. त्याच्या थडग्यावर जाऊन वाचणार आहेस का दुरुस्ती?”

“मग काय करू?”

“माझं नाव काढ.”

“कुठून?”

“सगळीकडनं. टायर, गालिचा, बुचं, सगळं राहू दे, चांगलं लिहिलंयस. मी नको त्यात.”

“अरे, पण चौघं होतो आपण. तिघांत खेळ कसा होईल?”

“भूत पळव की,” ऑगी म्हणाला. “पद्धत होतीच ना तुमच्यात.”

नॉर्बर्ट उठला. उठता उठता त्याच्या तोंडून जे निघालं त्याचं त्यालाच पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं. आयुष्यात कधी ठामपणे न बोललेला तो माणूस म्हणाला, “नियम होता पण, ऑगी. मी खोटं नाही सांगत. वहीत असणार.”

“मग बघ,” ऑगी म्हणाला. “इथं नको. बाहेर जाऊन बघ.”

गाडीत ऊन साठलं होतं. नॉर्बर्टने काच खाली केली आणि पिशवीतून वही काढली. कारखान्याच्या हजेरीची वही होती ती, त्याच्या वडिलांनी आणलेली. पहिल्या पानावर गोल, नीटस अक्षरात ‘मैदानाचे नियम’ आणि खाली त्याची सही. पुढची पानं एकमेकांना चिकटली होती. ग्रंथालयात शिकला होता तशी ती त्याने नखाने, कोपऱ्यापासून, हलक्या हाताने सोडवली.

निळ्या शाईत नियम एक ते अकरा. प्रत्येक नियमाआधी मोजून एक ओळ मोकळी. सहावा नियम : चेंडू टोमॅटोंत गेल्यास दोन बेस. रूळ ओलांडल्यास होम रन. सातवा : कुत्र्याने चेंडू नेल्यास डाव थांबेल. आणि सहा आणि सातच्या मधल्या त्या मोकळ्या ओळीत, शाईत नव्हे, पेन्सिलीने, दाटीवाटीने : ‘६-अ. उजवी बाजू बंद. मारल्यास आऊट.’ अक्षर त्याचंच होतं. इतर नियमांवर तारखा नव्हत्या. याच्यावर होती. चौदा जुलै. त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. खरं असलेल्या गोष्टीखाली कोणी दोनदा रेघ ओढत नाही.

आणि मग त्याला आठवलं. आठवायचं नसताना आठवतं तसं, एकदम आणि पुरतं. स्वयंपाकघरातलं टेबल, कोबीचा वास, रुमालाखाली वही धरून पेन्सिलीने घाईघाईत लिहिणं. पलीकडे त्याचा बाप ताटावर मान घालून जेवत होता. नॉर्बर्टच्या बापाने मैदानाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि कारखाना ते घर या वाटेवर मैदान रोज लागत होतं. आणि त्याच्या आधीचं, संध्याकाळचं : चेंडू डोक्यावरून जाताना त्याने वर पाहिलंच नव्हतं. तो शेजारी बघत होता. पत्र्याचा डबा जमिनीवर टेकताना आवाज झाला होता. कोणाचा तरी बाप हात वर करत होता. ते हात पूर्ण वर जायच्या आत तो ओरडला होता.

तो गाडीतून उतरला आणि पुन्हा पायऱ्या चढला. मरीनाने दार अर्धवट उघडलं.

“बाबा पडलेत जरा.”

“त्यांना एवढंच सांगा,” नॉर्बर्ट म्हणाला, “सहा-अ. पेन्सिलीने आहे.”

“काय?”

“सहा-अ. त्यांना कळेल.”

ती आत वळली. तिचा आवाज आणि मग ऑगीचा आवाज, दोन्ही त्याला स्वच्छ ऐकू आले. पडवीतल्या माणसाला ऐकू जावं इतपत मोठ्याने ऑगी बोलला.

“सांग त्याला, मला माहीत आहे. मी तिथं होतो.”

आणि टीव्हीचा आवाज सुरू झाला. गर्दी, टाळ्या, कोणीतरी काहीतरी मारलं होतं.

घरी येऊन नॉर्बर्टने नावं काढली. ऑगीचं नाव सत्तावन्न ठिकाणी होतं. प्रत्येक ठिकाणी लाल शाईने आडवी रेघ, वर जे काही बसेल ते. त्याला भीती होती की पुस्तक कोसळेल. ते कोसळलं नाही, याचं त्याला अधिक वाईट वाटलं. वाक्यं एकमेकांकडे सरकून बसली. चौतिसाची एकोणतीस पानं झाली. ‘सगळ्यांत लांब आऊट’ त्याने पूर्ण काढून टाकला, आणि त्याच्या जागी घालायला एक वेगळं पान लिहिलं : सहा-अ काय होता, तो कधी लिहिला, कोणी लिहिला. नाव कोणाचंही नाही, फक्त स्वतःचं. ते पान त्याने सहा वेळा टाइप केलं. छपाईला पाठवताना मात्र ते पाकिटात घातलं नाही. तोंडीच सांगावं, असं त्याने स्वतःला समजावलं. अशा गोष्टी समोर उभं राहून सांगितलेल्या बऱ्या.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी ग्रंथालयाच्या तळघरातल्या खोलीत पुस्तकाचा कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं होती, बहुतेक त्याच्याच वयाची. बटाट्याचं सॅलड, लिंबाचं सरबत, भिंतीवर कारखान्याचे फोटो. मिसेस लॉकरिजनी कुजबुजून विचारलं, “तो लांबच्या आऊटचा किस्सा का काढलात हो? मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.” नॉर्बर्ट म्हणाला, “जागा पुरत नव्हती.” घडी घातलेलं ते पान त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

त्याने टायर वाचलं, गालिचा वाचला. लोकांना आवडलं. भुताचं प्रकरण वाचलं तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा गुडघ्यावर थापा मारत म्हणाला, “आमच्याकडंही! आमच्याकडंही होतं भूत!” शेवटी मिसेस लॉकरिजनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय का.

दुसऱ्या रांगेत निळ्या स्वेटरमधल्या एका बाईंनी हात वर केला.

“मी मिसेस डुडाशची धाकटी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आईच्या टोमॅटोंबद्दल लिहिलंय म्हणून आले. पण मला वाटतं तुम्ही चौघं होता. एक डावरा पोरगा होता ना, टेस्टांचा? आमच्याकडं येणारे चेंडू सगळे त्याचेच. आई म्हणायची, मारू दे त्याला, टोमॅटो काय, पुन्हा येतात. मग एका उन्हाळ्यात चेंडू यायचेच बंद झाले. आई कितीतरी दिवस म्हणत होती, त्या पोराला काय झालं म्हणून. तो नाही का यात?”

खोलीतल्या चाळीस माणसांची तोंडं नॉर्बर्टकडे वळली. त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. कागदाची घडी बोटांना लागली, तिची धार लागली. बाई मान कलती करून वाट पाहत होत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“आम्ही तिघंच होतो,” नॉर्बर्ट म्हणाला. “चौथ्याच्या जागी भूत पळायचं.”

खोली हसली. मागचा म्हातारा सगळ्यांत मोठ्याने. निळ्या स्वेटरमधल्या बाईही हसल्या, थोड्या उशिराने, आणि आपली आठवण चुकली असावी अशी मान हलवून त्यांनी हात खाली घेतला.

नॉर्बर्ट सवयीने थांबला होता, हसू ओसरेपर्यंत. मग त्याने पुस्तक मिटलं आणि सरबताच्या टेबलाकडे बघून म्हणाला, “चला, घ्या ना सगळ्यांनी.”